आतलं वर्ष

"हे काय?" हवालदारांनी विचारलं. माझ्या शर्टाच्या खिशातनं ते निघालं होतं. दहाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं, पिवळं, एका बाजूला वर्तुळात त्रिकोण आणि मधे एकचा आकडा. मी म्हटलं, मेडल आहे, आत एकाचा वाढदिवस आहे. त्यांनी ते तळहातावर तोललं, उलटंपालटं केलं, नखानं खरवडून बघितलं. "वाढदिवसाला पेढे आणतात सर. धातू आत जात नाही. नाणं असो नाहीतर देवाचा टाक असो." आणि माझा मोबाइल, किल्ल्या, पाकीट ज्या कप्प्यात ठेवलं होतं त्यातच ते टाकलं. खण्ण असा आवाज झाला. मग मी नेहमीसारखा मान वाकवून कारागृहाच्या दिंडी दरवाज्यातून आत गेलो. सहा वर्षं झाली, दर गुरुवारी तिथं वाकतो आणि तरी महिन्यातून एकदा तरी कपाळ आपटतंच. त्या दिवशीही आपटलं.

वाढदिवस म्हणजे जन्माचा नव्हे. शेवटचा घोट ज्या दिवशी घेतला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्यात मोजायला सुरुवात होते. मोजणं हा आमचा धर्मच आहे म्हणा ना. मी स्वतः इचलकरंजीत एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, दिवाणजी होतो, त्यामुळे सुताचे बीम मोजा, पोती मोजा, उचल मोजा, हे हाडात भिनलेलं. त्यात दारू सुटल्यावर दिवस मोजायची भर पडली. ज्या संगतीत ती सुटली त्यांची रीत अशी की छापलेल्या मजकुरात आपलं नाव घालायचं नाही आणि त्यांच्या वतीनं बोलायचंही नाही. म्हणून इथं जे लिहितोय ते माझं एकट्याचं. कारागृहाचं नावही सांगत नाही, ते का ते पुढं कळेल.

आत वाचनालयाच्या खोलीत आमची, दारू-नशा सोडलेल्यांची आणि सोडू बघणाऱ्यांची, मीटिंग भरते. दुपारी दोन ते साडेतीन. एक पंखा, तो फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त. फिनेलचा वास, ओल्या सतरंजीचा वास, आणि त्याखाली कुठंतरी चुन्याचा आणि तंबाखूचा. गोल बसा म्हटलं की माणसं गोल बसतात, पण पाच मिनिटांत नकळत सरकत सरकत जोड्या करतात. दिवसातनं कितीदा तरी गिनतीला जोडीनं बसायचं असतं, अंगाला तेच वळण. दाराशी स्टुलावर एक शिपाई. त्याला आमच्या बोलण्यात रस नसतो असं मी बरीच वर्षं समजत होतो. तो बहुतेक वेळ नखं बघत असतो.

त्या दिवशी एकोणीस जण होते. त्यातल्या एकाला सगळे मामा म्हणतात. पन्नाशीचा शेतकरी गडी, मनगटं जाड, आवाज मात्र बारीक. बांधावरून चुलतभावाशी वाद, दोघंही प्यालेले, हातात खोरी. भाऊ गेला. तीनशे चारचा, म्हणजे सदोष मनुष्यवधाचा, आरोप, खटला उभा राहिलेला नाही. मामा उठला. आमच्यात उठायची गरज नसते, पण तो उठला, शर्ट खाली ओढला आणि म्हणाला, "मी दारुड्या. आज एक वरीस झालं." टाळ्या झाल्या. मी मेडलची हकीगत सांगितली, गेटवर ठेवलंय म्हटलं. तेवढ्यात मागनं मुंबईकडचा एक पोरगा, एनडीपीएसमधला, म्हणजे मादक पदार्थांच्या कायद्याखाली आत आलेला, तोंड अगदी साळसूद करून म्हणाला, "काका, पण जेलमधलं वर्ष धरतात काय? इथे कुठे मिळतं?"

सगळे हसले. सगळे म्हणजे सगळे, एकोणीसच्या एकोणीस. नाही, अठरा. मामा खाली बसला आणि पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला.

मी काहीतरी उत्तर दिलं. आमच्याकडं अशा वेळी काढायची वाक्यं तयार असतात, आजचा दिवस तेवढा आपला, वगैरे. ती चांगली वाक्यं आहेत, माझा जीव त्यांनीच वाचवलाय, पण त्या दिवशी ती मलाच कोमट लागली. बाहेर आलो, कप्प्यातनं किल्ल्या घेतल्या. मेडल परत खिशात घालताना हवालदार म्हणाले, "द्यायचंच असेल तर बंद्याच्या खासगी मालमत्तेत जमा करा की. येताना घड्याळ-अंगठी जमा होते ना, तसं. सुटताना मिळेल." सहा वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. रजिस्टरात त्यांनी लिहिलं, 'पिवळ्या धातूचे नाणे, नग एक'. सोन्याला सोनं म्हणायचं नाही आणि पितळेला पितळ म्हणायचं नाही, ही सरकारी खबरदारी मला दिवाणजी म्हणून फार आवडते.

स्कूटरवर मात्र डोक्यात तेच. आतलं वर्ष धरायचं का? दार बंद, हातात पैसा नाही, दुकान नाही, दोस्त नाही. मग न पिणं हे कुणाचं? मामाचं की भिंतीचं? पोरगा वात्रट होता पण प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या बाहेरच्या ग्रुपातसुद्धा यावर दोन तट आहेत. एक म्हातारे सभासद म्हणतात, बाहेर आल्यावर पहिली संध्याकाळ काढली की तिथनं मोज. दुसरे म्हणतात, शरीरात गेली नाही ना, मग मोज की. मी आत्तापर्यंत कुठल्याच तटात नव्हतो, कारण मला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

आणि विचारलं असतं तर मी अडकलो असतो. कारण माझी स्वतःची तारीख कुठली? १९९९ चा उन्हाळा. मिरजेच्या अक्कानं आणि दाजींनी मला रिक्षात घातलं, चप्पल एकाच पायात होती, आणि एका व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाकलं. दाराला बाहेरनं कुलूप. मी जी तारीख गेली पंचवीसहून अधिक वर्षं सांगत आलोय ती त्या कुलपाच्या आतल्या पहिल्या दिवसाची आहे. त्या दिवशी मी दारू सोडली नव्हती. मला ती मिळाली नव्हती, एवढंच. तिसऱ्या रात्री भिंतीतनं सुताचे धागे निघायला लागले. पांढरे, खळ लावलेले, त्या आंबूस वासासकट. मी ते पकडून गाठी मारत होतो, पहाटेपर्यंत, बोटं दुखेस्तोवर. शेजारच्या खाटेवरच्याला मी म्हणे ओरडून सांगत होतो की बीम रिकामं चाललंय. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, त्या अवस्थेत माणूस बऱ्याचदा आपलं रोजचं कामच करतो. शिंपी हवेत सुई ओवतो, ड्रायव्हर खाटेवर गिअर टाकतो. मी दिवाणजी असून हात मात्र कामगाराचं काम करत होते, याचं मला अजून नवल वाटतं. हिशेब लिहायला पाहिजे होता ना मी?

त्या रात्रीमुळंच मला कारागृहात जावंसं वाटलं. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात. फिट यायची असली तर बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते. आणि ताप, भ्रम, ओळख हरवणं, जिच्यात माणूस मरूही शकतो ती अवस्था, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात. आता हा हिशेब अटकेशी जुळवून बघा. रात्री पकडला, दुसऱ्या दिवशी कोर्ट, एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, मिळाली, संध्याकाळी गाडीतनं कारागृहात. म्हणजे शरीराचं सगळ्यात वाईट वेळापत्रक नेमकं अनोळखी बराकीत, नव्या माणसांत, दिवेलागणीनंतर सुरू होतं. आत गेल्या गेल्या वैद्यकीय तपासणी होते, वजन, उंची, अंगावरच्या जखमा. पण 'रोज किती पितोस' या प्रश्नाला नवा माणूस खरं सांगत नाही. आपल्यावर अजून एक कलम लागेल असं त्याला वाटतं. मग रात्री तो भिंतीशी बोलायला लागला की बराकीतले म्हणतात, नाटक करतोय. एका ठिकाणच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं मला सांगितलं होतं, तेही फार वर्षांपूर्वी, की एकाला असं नाटक म्हणून पहाटेपर्यंत तसंच ठेवलं. पुढचं त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. विचारायला हवं होतं.

औषधं काही दुर्मीळ नाहीत. लिब्रियम, डायझेपाम, आणि बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, तेही ग्लुकोजच्या आधी. उपाशी दारुड्याला नुसती सलाईनची साखर चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते. माहीत असलेल्या माणसानं वेळेवर बघितलं तर चार दिवसांत माणूस जेवायला बसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारूच्या आणि मादक पदार्थांच्या नादातनं येणारे विकार मानसिक आजारांत धरलेत आणि प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या दवाखान्यात मनोविकारांची सोय असावी असंही सांगितलंय. निदान एका. महाराष्ट्रात मध्यवर्ती कारागृहंच नऊ आहेत, जिल्ह्यांची वेगळी. हे काम डॉक्टरांचं, आमचं नाही. आम्ही फक्त बोलायला जातो. जिथं डॉक्टर पोचत नाही तिथं नुसतं बोलायला जाण्यात थोडा अप्रामाणिकपणा आहे, असं मला कधी कधी वाटतं, आणि तरी पुढच्या गुरुवारी मी जातोच.

बोलायला जाण्याची ही कल्पना आमची नव्हेच. १९३५ मध्ये अमेरिकेत दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले, तिथनं हे सगळं निघालं. सात वर्षांनी, १९४२ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या सॅन क्वेंटिन तुरुंगात क्लिंटन डफी नावाच्या वॉर्डननं कैद्यांची पहिली मीटिंग भरवू दिली. आपल्याकडं हे लोण १९५७ मध्ये आलं. पुण्यात तर या सगळ्याला एकच पत्ता आहे. लहानपणी 'येरवड्याला पाठवू का?' म्हटलं की तुरुंग की वेड्यांचं इस्पितळ हे ऐकणाऱ्यानं ठरवायचं. १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू झालं तेही त्याच इस्पितळाच्या आवारात. अवचट दांपत्यानं ते उभं केलं, पु.ल. आणि सुनीताबाईंनी पैसा दिला, हे तुम्हाला माहीतच आहे. मला त्यातलं अंतर आवडतं. वेडा, गुन्हेगार आणि व्यसनी, तिघांची घरं एकमेकांच्या हाकेच्या टप्प्यात. गावानं तिघांना बहुधा एकाच दिवशी वेशीबाहेर काढलं असणार.

कायद्याचं मात्र गंमतीशीर आहे. माझ्यासारख्या आकडेवाल्याला तर फारच. दारूबंदी कायद्याचं कलम ८५, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ घालणं. मोटार वाहन कायद्याचं १८५, पिऊन गाडी चालवणं. मादक पदार्थांचा कायदा १९८५ चा. आणि जुन्या भारतीय दंड विधानाचंही कलम ८५ नशेचंच: कुणी जबरदस्तीनं किंवा नकळत नशा चढवली आणि माणसाला आपण काय करतोय हेच कळत नसलं तर तो गुन्हा धरायचा नाही. पण स्वतःच्या हातानं प्यालेल्याला पुढचं ८६ सोडत नाही. एकदा मीटिंगमध्ये मी हे पंच्याऐंशीचं सांगितलं तर मामा म्हणाला, "मला बी पैल्यांदा जबरदस्तीच पाजली हुती की दिवानजी. मामानंच. लगीन हुतं." लोक हसले. तो हसला नाही. "पैल्यांदा," असं परत एकदा म्हणाला.

वाढदिवसाच्या त्या गुरुवारनंतर दोन आठवडे मामा मीटिंगला आला नाही. नावं येतात-जातात, हे नवं नाही. २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत पाच लाख त्र्याहत्तर हजार माणसं होती आणि त्यातली चार लाख चौतीस हजार कच्ची, म्हणजे निकाल न लागलेली. चारात तीन. आमच्या खोलीतही तेच प्रमाण. आज अर्धी गोष्ट सांगितलेला पुढच्या गुरुवारी जामिनावर गेलेला असतो, नाहीतर दुसऱ्या तुरुंगात हलवलेला. त्यामुळे दारू सोडायच्या आमच्या बारा पायऱ्या वगैरे बाहेर शिकवतो तसं आत चालत नाही. दर वेळी पहिलीच पायरी. मला स्वतःला ती पहिली पायरी आता इतक्या वेळा चढून पाठ झालीय की कधी कधी वाटतं, मी वरच्या पायऱ्या विसरलो की काय.

मधल्या काळात तो पोरगा मात्र नियमित यायचा. एकदा त्यानं पहिल्यांदा स्वतःबद्दल सांगितलं. पन्नी, लायटर, नळी. गर्द. पोलीस कोठडीत टर्की, म्हणजे गर्द तुटल्याचा त्रास, झाली तेव्हा फरशीवर लोळत होता, नाकाडोळ्यांतनं पाणी, पायांत गोळे, आणि शिपायानं पायानं ढोसून बघितलं जिवंत आहे का. पकडलेला माल पाच ग्रॅमच्या आतला, कायद्याच्या भाषेत 'अल्प मात्रा'. व्यसनी माणसानं स्वतःहून उपचाराची तयारी दाखवली तर अल्प मात्रेच्या गुन्ह्यातनं सूट मिळण्याची वाट त्याच कायद्यात, ६४-ए मध्ये आहे. त्याला कुणी सांगितली नव्हती. आमच्याबरोबर कधी कधी एक मानसोपचारवाले डॉक्टर येतात, दिल्लीत शिकलेले, त्यांनी त्याला बाजूला घेतलं. मला वाटलं, कायद्याचं सांगतील. त्यांनी वेगळंच सांगितलं. म्हणाले, "बाहेर गेल्यावर चुकून घेतलीसच, तर पूर्वीएवढी घेऊ नकोस." मी दचकलो. आमच्यात असं कुणी बोलत नाही. आमच्यात पहिला घोटच नाही, तिथं किती आणि कशी हा प्रश्न कुठला?

परतताना गाडीत त्यांनी समजावलं. शरीर महिनोन्‌महिने कोरडं राहिलं की त्याची सहन करायची ताकद उतरते. डोक्याला जुना हिशेब आठवतो, शरीराला नाही. पोरगं बाहेर पडतं, जुना कोपरा, जुनी पन्नी, जुना डोस, आणि श्वास थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तीस हजारांवर सुटलेल्या कैद्यांचा मागोवा घेतला होता, २००७ मध्ये ते छापून आलं. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मरणाचा धोका इतर लोकांच्या बारापटीहून जास्त, आणि नशेच्या अतिमात्रेनं मरण्याचा एकशे एकोणतीस पट. मी आकडा दोनदा विचारून घेतला. म्हणून, डॉक्टर म्हणाले, तिहारमध्ये २००८ पासून ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या आतच सुरू केल्या. जिभेखाली ठेवायची गोळी, देखरेखीखाली, म्हणजे ओढ आटोक्यात राहते. "पण मग ते कोरडे झाले असं कसं म्हणायचं?" मी विचारलं. त्यांनी गाडीच्या काचेबाहेर बघत म्हटलं, "जिवंत राहिले असं म्हणूया की." मला राग आला होता. अजूनही थोडा आहे, पण तो कुणावर आहे हे आता नीट सांगता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात मामा आला. अंगानं उतरला होता. त्या दिवशी मीटिंग लवकर संपली, कारण आत कसलीतरी झडती सुरू होती आणि माणसांना बराकीत परत न्यायचं होतं. शिपाई बाहेर शिट्टीवाल्याशी बोलत उभा. सतरंजी गुंडाळायला मामा मागं थांबला. एका टोकाला तो, एका टोकाला मी. धूळ उडत होती. मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी पोराच्या बोलण्यानं वाईट वाटलं का?" तो गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "पीकच नसतं, दिवानजी, तर राखण कशाची केली असती?"

मला लगेच कळलं नाही.

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं, मग परत सतरंजीकडं. शेतकऱ्याच्या तोंडची म्हण म्हणून मी ती ऐकली आणि हसून मान डोलावली. गेटपर्यंत चालत आलो, किल्ल्या घेतल्या, स्कूटरला किक मारली, आणि कुठंतरी उसाच्या ट्रॉलीमागं अडकलो असताना एकदम सगळं समोर आलं. 'इथे कुठे मिळतं?' या वाक्यावर ते अठरा जण हसले होते. ते मामाला हसले नव्हते. त्या वाक्यालाच हसले होते. पोरानं विनोद केला होता, आणि त्या खोलीत तो न कळलेला मी एकटा होतो. चेंडूत गांजा भरून भिंतीवरनं फेकल्याच्या, बुटाच्या तळव्यात, शिजवलेल्या भाजीत काहीबाही सापडल्याच्या बातम्या मीही वाचतो की पेपरात. गूळ आणि फळांच्या सालींपासून डब्यात काय आंबवता येतं हे दारुड्याला सांगावं लागत नाही. पण दर गुरुवारी मान वाकवून आत जाताना मी ते सगळं बाहेरच्या कप्प्यात ठेवून जात होतो, मोबाइलशेजारी.

म्हणजे मामाचं वर्ष भिंतीचं नव्हतं. त्याच्या शेजारच्या पथारीवर कुणीतरी कधीतरी काहीतरी उघडलं असणार, वास आला असणार, 'घे की मामा, थोडी' झालं असणार, सणाला, कोर्टाची तारीख पडली तेव्हा, भावाच्या वर्षश्राद्धाच्या रात्री. आणि त्यानं राखण केली. पण हे तो सांगणार कसं? दाराशी स्टुलावर शिपाई. 'मी नाही म्हटलं' असं बोलायचं तर कुणाला, कशाला आणि कुठं नाही म्हटलं हे त्यात आलंच. एका वाक्यात तीन-चार जणांवर केस आणि स्वतःचं बराकीतलं जगणं मुश्कील. आमच्या मीटिंगचा सगळा डोलारा उभा आहे तो मोकळं बोलण्यावर, आणि तुरुंगात जे वर्ष खऱ्या अर्थानं कमावलेलं आहे तेच नेमकं बोलता येत नाही. ज्यानं काही नाकारलंच नाही तो बिनधास्त टाळ्या घेऊ शकतो. ज्यानं नाकारलं त्यानं पायाच्या अंगठ्याकडं बघायचं.

मी काय करायचं हाही प्रश्न होता. आत जाण्याची परवानगी घेताना मी लिहून दिलंय की कारागृहाच्या सुरक्षेला बाधा येईल असं काही करणार नाही. आणि आमच्या रीतीप्रमाणे मीटिंगमध्ये ऐकलेलं तिथंच सोडायचं. मग सतरंजी गुंडाळताना ऐकलेलं कुठल्या खात्यात टाकायचं? दोन रात्री मी पडून विचार केला. शेवटी काही केलं नाही. मला कुणी काही सांगितलेलं नाही, एका शेतकऱ्यानं पिकाच्या राखणीबद्दल एक वाक्य म्हटलं, एवढंच. कारागृहाचं नाव का लिहिलं नाही ते आता कळलं असेल. हे योग्य केलं की पळवाट काढली, ठाऊक नाही. आत अफू-गांजा पोचत असेल तर तो त्या पोराच्या नाकाशीही पोचत असणारच, आणि मी गप्प बसलोय.

पुढच्या गुरुवारी मी शिपायाला विनंती केली की स्टूल थोडं बाहेर व्हरांड्यात घेता येईल का, पंख्याची हवा लागत नाही. त्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग घेतलं. चार फूट बाहेर. त्या चार फुटांत फार काही बदललं असं नाही, पण मामा त्या दिवशी बसूनच बोलला आणि पहिल्यांदाच भावाबद्दल बोलला. म्हणाला, त्या संध्याकाळचं काही आठवत नाही. दुसरी क्वार्टर फोडली इथपर्यंत आठवतं, मग एकदम पोलीस ठाण्याची फरशी. मधलं सगळं त्याला दोषारोपपत्रातनं कळलं. वाचता येत नाही, म्हणून बराकीतल्या एका शिकलेल्या पोरानं वाचून दाखवलं, पान-पान. खोऱ्याचे वार किती, कुठं, किती खोल. "माझीच गोष्ट, पर मी पैल्यांदाच ऐकत हुतो. त्यात मी लई वंगाळ मानूस हुतो." सहा महिने दारू नव्हती म्हणून ते वाचन त्याला नीट ऐकू आलं, असं तो म्हणाला. प्यालो असतो तर अर्धंच ऐकलं असतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरगासुद्धा गप्प होता. पंखा कुरकुरत होता.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, आज चेहरा असा का? मी म्हटलं, ऊन. मग जेवताना तिला विचारलं, माझी ती केंद्रातली पहिली तारीख तू धरतेस का? ती म्हणाली, "मी नाही धरत." इतक्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. "तुम्ही केंद्रातनं सुटून आलात, दाजींनी स्टँडवर सोडलं, आणि तिथनं घरापर्यंत चालत आलात. मधे शिंद्यांचं दुकान होतं. मी गच्चीवरनं बघत होते. तो दिवस धरते." ताटात आमटी वाढत ती बोलत होती. मी अठ्ठावीस दिवसांनी लहान झालो.

श्रावण संपता संपता मामाचा जामीन झाला. जामीनदार मिळत नव्हता, सातबारावाला कुणी उभा राहत नव्हता. शेवटी सासुरवाडीचं कुणीतरी आलं म्हणे. मंगळवारी कागद आला, मी गुरुवारी पोचलो. हवालदार म्हणाले, "गेला तुमचा." मी रजिस्टर बघू का विचारलं. त्यांनी नियमात बसत नाही असं सांगत सांगत पान उघडून माझ्याकडं फिरवलं. करदोडा चांदीचा एक. मनगटी घड्याळ बंद एक. रोख रुपये तीनशे चाळीस. पिवळ्या धातूचे नाणे, नग एक. समोर 'मिळाले', आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा, शाई जरा पसरलेली.

गेटसमोरचा रस्ता तुम्ही बघितला नसेल. डाव्या हाताला गेलं की पाच मिनिटांवर एसटी स्टँड. उजव्या हाताला पानपट्टी, झेरॉक्स, वकिलांच्या दोन टपऱ्या आणि सरकारमान्य देशी दारूचं दुकान, हिरव्या जाळीचं. मी हवालदारांना विचारलं, कुठल्या बाजूला गेला?

"नाही बघितलं सर," ते कप्प्यात माझा मोबाइल ठेवत म्हणाले. "दिवे लागायची वेळ होती. आत गिनती चालू होती."